सगळे उतरले तरी

"किती तास लागतात?" हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा "कशी आहेस?" हेही कुणी विचारलं नसेल. पुणे कॅम्पातल्या एका विमान-तिकिटांच्या कचेरीत मी नोकरीची सगळी वर्षं काढली. समोर खुर्ची, खुर्चीत माणूस आणि माणसाच्या तोंडी हा प्रश्न. सुरुवातीला मी इमानेइतबारे उत्तर द्यायची. पुढे पुढे मात्र उलट विचारायला लागले, "कुणाला?"

माणूस गोंधळायचा. "कुणाला म्हणजे? मलाच की."

"मग जरा बसा. विमानाला लागणारा वेळ वेगळा आणि तुम्हाला लागणारा वेगळा."

यात थोडा खवचटपणा आहे हे मला मान्य आहे. पण माझा जन्म भवानी पेठेतला, चार पिढ्या आमच्या पुण्यातच गेल्या, तेव्हा तेवढा हक्क मला आहेच. माझं नाव रेहाना तांबोळी. ते ऐकून काही गिऱ्हाइकं कौतुकानं म्हणायची, "ताई, तुमचं मराठी अगदी छान आहे हो." मी म्हणायची, "तुमचंही बरं आहे." मग दोघंही थोडे हसायचो आणि तिकिटाचं बोलायला लागायचो.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे यंत्रावर बोटं आपटणं वाटतं. खरं काम वेळ समजावून सांगण्याचं असतं. विमान हवेत असतं तो एक वेळ. तिकिटावर छापलेला वेळ त्याहून जास्त, कारण त्यात जागेवरून हलणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, आपली पाळी येईतो ताटकळणं हे सगळं धरलेलं असतं. आणि माणूस आपल्या घराला कुलूप लावतो तिथपासून दुसऱ्याच्या घरी चपला काढतो तिथपर्यंतचा वेळ, तो कुठंच छापलेला नसतो. हिंजवडीहून संध्याकाळच्या गर्दीत लोहगावच्या विमानतळावर पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात विमान नागपूर गाठतं. हे मी हिंजवडीच्या मुलांना सांगितलं की ती म्हणायची, "मॅडम, प्लीज, नका ना डिप्रेस करू." आणि तरी उशिरा निघायची.

त्यातून वारा. आपल्याकडे उंचावर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे पूर्वेला जाताना विमान लवकर पोचतं आणि परत येताना जास्त वेळ घेतं. ही साधी गोष्ट पुण्यातल्या माणसाच्या गळी उतरवणं फार अवघड. "रस्ता तोच ना? मग येताना उशीर का? की वैमानिक घरी जायला कंटाळतो?" असं एकानं मला गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, "सायकल चालवलीत ना पुण्यात? समोरून वारा आला की काय होतं?" त्यांना पटलं. त्या काळी पुण्यात सायकलचं उदाहरण दिलं की काहीही पटायचं.

आणि सरळ रेघ. लोकांना वाटतं की विमान म्हणजे सरळ रेघ. सदाशिव पेठेतले एक निवृत्त भूगोलाचे मास्तर माझ्याकडे आले होते. त्यांना आसाम बघायचं होतं, तेही पार वरच्या टोकाचं, दिब्रुगडपर्यंत. सोबत शाळेचा नकाशा आणि शिवणाचा दोरा. माझ्या टेबलावर नकाशा पसरला, दोऱ्याचं एक टोक पुण्यावर दाबलं, दुसरं दिब्रुगडवर.

"हे पाहा. नागपूरच्या डोक्यावरून, मग रांची, मग थोडा बांगलादेश, की आलं. सव्वादोन हजार किलोमीटरच्या थोडं पुढे. बरोबर?"

"अगदी बरोबर."

"मग मला दिल्लीला कशाला नेता? माझं दिल्लीत काही काम नाही."

मी त्यांना सांगितलं की सरळ उडणारं विमान असतं तर साधारण सव्वातीन तासांत पोचला असता. पण तसं विमानच नाही. पुण्यासारख्या गावाहून तिकडच्या गावाला रोज विमानभर माणसं जात नाहीत. म्हणून आधी मोठ्या शहरात जायचं, तिथं बसून राहायचं, मग दुसरं विमान. एकूण सगळा दिवस. मास्तरांनी दोरा गुंडाळून खिशात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे सव्वातीन तास ही माहिती खरी आहे, पण निरुपयोगी." चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाला एका वाक्यात माझा धंदा कळला, याचं मला कौतुक वाटलं.

मला स्वतःला हे सगळं लवकर कळलं त्याचं श्रेय रमजानला आहे. माझी एक मावशी लग्न होऊन कोलकात्याला गेली. लहानपणी रोजाच्या दिवसांत तिचा फोन आला की आम्ही पोरं चिडायचो, कारण तिचा रोजा आमच्या आधी जवळजवळ तासभर सुटायचा. घड्याळ तिचंही तेच आणि आमचंही तेच. पण तिच्याकडे सूर्य बुडालेला असायचा आणि आमच्याकडे गच्चीवर लख्ख ऊन. आमच्या तोंडाला पाणी सुटलेलं आणि ती फोनवर खजूर चघळत बोलायची. आसाम तर त्याहूनही पुढे, तिकडे अंधार आणखी आधी पडतो. हिवाळ्यात आपण चारचा चहा टाकतो तेव्हा तिथं गुरं घरी येतात. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, कारण अनोळखी गावात उजेडी पोचणं आणि अंधारात पोचणं यात फार फरक आहे. म्हणून माझी कामाची रीतच अशी होती की "निघायचं कधी?" हे मी विचारतच नसे. "पोचायचं कधी?" हे आधी विचारायचं आणि तिथून मागे मागे मोजत पुण्यापर्यंत यायचं.

आता आमच्या धंद्यातला सगळ्यात फसवा शब्द सांगते. डायरेक्ट. लोकांना वाटतं डायरेक्ट म्हणजे कुठं न थांबता. तसं नाही. डायरेक्ट म्हणजे विमान बदलायचं नाही, एवढंच. ते मधे एखाद्या गावी उतरू शकतं, तिथली माणसं उतरवतं, नवी घेतं आणि पुढे जातं. न थांबता जाणाऱ्याला नॉनस्टॉप म्हणतात. हा फरक माहीत नसल्यानं किती माणसं मधल्याच गावी उतरून बॅगेची वाट बघत बसली याची मोजदाद नाही. यात भल्या भल्या साहेब लोकांचाही नंबर लागलेला आहे. त्यात आपल्या लोकांना एसटीची सवय. गाडी थांबली की खाली उतरायचं, पाय मोकळे करायचे, चहा मारायचा. विमान थांबलं आणि शेजारचा उठला की आपणही उठतो.

म्हणून ज्यांच्या तिकिटात असा मधला थांबा असेल त्यांना मी एक वाक्य घोकून घ्यायला लावायची. "सगळे उतरले तरी मी उतरणार नाही." पुढची गोष्ट या वाक्याची आहे.

सुभद्राबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. त्या हडपसरच्या. निम्मी जमीन मोठ्या इमारतींत गेली होती, उरलेल्या तुकड्यात त्या हट्टानं भाजी लावायच्या. जुड्या माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तुमच्यासाठी न्हाय, तुमच्या घरच्यांसाठी. म्हंजे तुमाला नको म्हनता येनार न्हाय." मला बाई तिथंच आवडली.

त्यांना एकुलती एक मुलगी, मनीषा. जावई तेलाच्या कंपनीत, बदली होऊन दिब्रुगडजवळच्या वसाहतीत गेलेला. मनीषाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून तिला पुण्याला आणायचं तिकीट हवं होतं.

मी विचारलं, "कितवा महिना?"

"सातवा. परवाच तिकडच्या बायांनी डोहाळजेवण केलं. आता आनायची."

"सातवा लागलाय की सरलाय?"

सुभद्राबाई बोटांची पेरं मोजायला लागल्या. एकदा अंगठ्यापासून, एकदा करंगळीपासून. "लागला म्हना. न्हाय, सरत आला म्हना."

घरोघरी हा घोळ मी पाहिलेला आहे. आपल्याकडे बायका महिने मोजतात, आणि लागलेला महिनाही महिनाच धरतात, सरलेलाही. डोहाळजेवणाचा मुहूर्त, मग अमावस्या टाळायची, मग शनिवार नको, असं करत पंधरवडा सहज जातो. विमानवाले मात्र आठवडे मोजतात. ठरावीक आठवड्यांपुढे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेत नाहीत, आणि त्याच्याही पुढे गेलं की चिठ्ठी असली तरी घेत नाहीत. मी मनीषाला फोन लावला. आठवड्यांच्या हिशेबानं तिला आठवा महिना लागून बरेच दिवस झाले होते. तिनं तिथल्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागितली, त्यांनी रक्तदाब बघितला आणि साफ नाही म्हणून सांगितलं. आगगाडीचा दोन-तीन दिवसांचा प्रवास तर बोलायलाच नको.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा सुभद्राबाई खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "मग माहेरच तिकडं न्यावं लागंल. मालकांचे गुडघे गेल्यात, त्यांना काय जमायचं न्हाय. मी एकटीच माहेर."

त्या आयुष्यात कधी विमानात बसल्या नव्हत्या. हिंदी येत नव्हती. पुण्याबाहेर गेल्या त्या जेजुरी आणि फार तर तुळजापूर. मी त्यांचा प्रवास माझ्या रीतीनं पोचण्यापासून मागे मोजला. दुपारी दोनच्या आत तिथं पोचायचं म्हणजे उजेड असेल, जावई किंवा कंपनीची गाडी न्यायला येईल. त्या काळात पुण्याहून कोलकात्याला सकाळचं विमान मिळत होतं. तिथून दुसरं, दिब्रुगडला डायरेक्ट. मधे गुवाहाटीला थांबणारं.

पुढचा तास मी त्यांची शिकवणी घेतली. पट्टा कसा लावायचा, कानाला दडे बसले तर काय करायचं, कोलकात्याला कुणाच्या मागे जायचं. शेगडी नेता येणार नाही हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. "मग बाळ-बाळंतिणीला शेक कशावर देऊ?" तिथंही शेगडी मिळते, कोळसाही मिळतो, असं मी शपथेवर सांगितलं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि मऊ झालेली दोन जुनी लुगडी मात्र नेता येतील म्हटल्यावर त्या जरा शांत झाल्या.

"आता शेवटचं," मी म्हटलं. "गुवाहाटीला विमान उतरेल. माणसं उठतील, बॅगा काढतील. तुम्ही बसून राहायचं. सगळे उतरले तरी उतरायचं नाही. कुणी काहीही सांगू दे."

"कुनी काय बी सांगू दे," त्यांनी म्हटलं. मी तीनदा म्हणून घेतलं.

निघायच्या दिवशी मी कचेरी उघडताच मनीषाचा फोन आला. आवाज दमलेला. आदल्या दिवशीच तिला दवाखान्यात ठेवलं होतं. रक्तदाब खाली येत नव्हता, आणि डॉक्टर म्हणत होते की आणखी थांबण्यात अर्थ नाही, संध्याकाळी सिझेरियन करू. नवरा बाहेर सह्या करत होता.

"ताई, आई कुठवर आली?"

विमानात बसलेल्या माणसाचा फोन बंद असतो, म्हणून घरची माणसं तिकीटवालीला विचारतात. आमच्या धंद्यात "कुठवर आली" याला खरं तर उत्तर नसतं. निघालं आणि उतरलं, एवढंच आम्हाला कळतं. मधलं कळत नाही. पण त्या पोरीला हे सांगण्यात काय अर्थ होता? मी म्हटलं, "नागपूरच्या पुढे गेली असेल. थोड्या वेळानं रांची." मास्तरांचा दोरा उपयोगी पडला.

पुन्हा फोन. "कोलकात्याला उतरली," मी सांगितलं. पुन्हा फोन. "दुसऱ्या विमानात बसली. माझं बोलणं झालं. लाडू सुखरूप आहेत." त्यावर मनीषा हसली. मग म्हणाली, "ताई, ती येईपर्यंत मी आत जाणार नाही असं सांगितलंय डॉक्टरांना. ते चिडलेत. संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणाले, त्यापुढे नाही."

मी तिला समजावलं की डॉक्टर सांगतील तसं कर, आई आज ना उद्या पोचेलच. ती म्हणाली, "आज ना उद्या नको. मला भीती वाटतेय." इतकी वर्षं मी हजारो लोकांना वेळ सांगितला, पण इतक्या साध्या शब्दांत वेळ मागितलेला मी ऐकला नव्हता.

गुवाहाटीहून विमान सुटल्याचं मला कळलं आणि बाईंचा काही फोन आला नव्हता. म्हणजे बाई उतरल्या नव्हत्या. मी खूश होऊन डबा उघडला. दोनेक तासांनी माझ्या मोबाईलवर सुभद्राबाईंचा फोन.

"ताई, ह्ये काय झालं? एकदा येऊन गेलो की हितं. पुन्यांदा हितंच आनलं."

त्यांच्या हातातून फोन हवाई सुंदरीनं घेतला. ती हिंदीत बोलली. दिब्रुगडला धुकं होतं, दुपार झाली तरी उठलं नव्हतं. विमान वर घिरट्या घालून परत गुवाहाटीला आलं होतं. आता तासभर वाट बघायची. धुकं उठलं तर जायचं, नाहीतर आजचं उड्डाण रद्द. तिकडे अंधार लवकर पडतो आणि वैमानिकांच्या कामाचे तासही संपत आलेले. ज्यांना उतरायचं असेल त्यांनी उतरावं. "बहुतेक सगळे उतरतायत," ती म्हणाली, "आणि आंटी मला सीटला हातसुद्धा लावू देत नाहीत. तुमचं नाव घेतायत."

मी घड्याळ बघितलं. माझ्या खिडकीबाहेर कॅम्पातली दुपार लख्ख होती. पण मला मावशीचा खजूर आठवला. तिकडे फार तर दीड-दोन तासांचा उजेड उरला असणार. मी हिशेब केला. विमानाचा भरवसा नाही. संध्याकाळची आगगाडी आहे, सकाळी नक्की पोचवते. उड्डाण रद्द झाल्यावर उतरलं तर त्या गाडीलाही गर्दी होणार, तिकीट मिळणार नाही. धंद्यातली कुणीही जाणकार बाई हेच सांगेल की अनिश्चित सोडा, निश्चित धरा. मी तेच केलं.

"सुभद्राबाई, उतरा. मी आगगाडीचं बघते. सकाळी पोचाल."

"न्हाय."

"अहो, विमान जाईल न जाईल. सगळे उतरतायत ना?"

"उतरंनात का. तुमीच सांगितलंय, सगळे उतरले तरी उतरायचं न्हाय. कुनी काय बी सांगू दे."

"पण आता मीच सांगतेय ना, उतरा म्हणून."

"कुनी म्हंजे त्यात तुमी बी आलात."

आणि फोन बंद.

माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे बघत होती. मला त्या क्षणी कुणाचा राग येत होता ते मलाच कळेना. मी पुन्हा फोन लावला, लागला नाही. आणि तेवढ्यात मनीषाचा आला. "ताई, कुठवर आली?"

मी नागपूर आणि रांची सांगितली होती ती अंदाजानं. आता खरं सांगायची वेळ होती. मी सांगितलं. गुवाहाटीला आहे, धुकं आहे, विमान जाईल की नाही माहीत नाही. आगगाडीनं ये म्हटलं तर ती सीट सोडत नाहीये. 

मग मनीषा म्हणाली, "सोडत नाहीये?"

"नाही."

"मग येईल ती," मनीषा म्हणाली. "मी पण थांबते."

त्या दोघींच्या मधे मी. हातात धंद्यातला सगळा अनुभव, आणि त्याचा कुणालाच उपयोग नाही. मी गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून ठेवलं आणि यंत्रावर त्या विमानाकडे बघत राहिले. गिऱ्हाईक म्हणालं, "काय बघताय?" मी म्हटलं, "धुकं." पुण्यात दुपारी कोण धुकं बघतं? 

विमान सुटलं. यंत्रावर तो वेळ आला तेव्हा मी उभी राहिले, इतकंच आठवतं. दिलेला तास संपायला थोडा अवधी असताना धुक्याला जरा फट पडली होती आणि जी मोजकी माणसं आत बसून होती त्यांना घेऊन ते निघालं. मी मनीषाला फोन केला, नवऱ्यानं उचलला. मी म्हटलं, "डॉक्टरांना सांगा, आई निघाली. आता खाली ब्रह्मपुत्रा दिसत असेल तिला." दिसत होती की नव्हती मला काय ठाऊक. मी सांगितलं.

त्यानंतर बराच वेळ काही कळलं नाही. मी घरी जायची सोडून बसून राहिले. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर ऊन होतं. शेवटी सुभद्राबाईंचा फोन आला, आणि मागे बरीच माणसं बोलत असल्यासारखा गलका.

"ताई, पोचले. गाडीतनं थेट दवाखान्यातच आले. पोरगी दारातच अडून बसलेली. मी दिसले तशी आत गेली."

"आणि?"

"झाली. मुलगी हाय. बाळ बी बरं, बाळंतीन बी बरी." मग त्यांचा आवाज जरा बदलला. "तिन्हीसांज झाली वो हितं. दिवं लागल्यात. तुमच्याकडं?"

मी भिंतीकडे बघितलं. "इथं अजून ऊन आहे," मी म्हटलं.   रोजाच्या दिवसांत मावशीचा फोन असाच यायचा, तिच्याकडे दिवा लागलेला आणि आमच्याकडे ऊन. तेव्हा हेवा वाटायचा. त्या दिवशी वाटला नाही.

एक खंत आहे, ती सांगूनच टाकते. त्या दिवशी विमान गेलं नसतं तर सुभद्राबाईंना रात्र गुवाहाटीला काढावी लागली असती आणि मी बरोबर ठरले असते. मी दिलेला सल्ला चुकीचा नव्हता, आजही तसाच देईन. पण तो मी वेळ बघून दिला होता, माणूस बघून नाही. त्यांनी वाट धरली ती मीच सांगून मग सोडून दिलेल्या वाक्याची.

हल्ली लोक मोबाईललाच विचारतात. दोन गावांची नावं टाकली की किलोमीटर येतात, तास येतात, आणि ते बरोबर असतात. फक्त मोबाईल "कुणाला?" असं उलट विचारत नाही. आमच्या कचेरीतली समोरची खुर्ची हळूहळू रिकामी राहायला लागली, तेव्हा मीही निवृत्ती घेतली. तक्रार नाही. कोंढव्यातल्या घरी आता मी सगळ्या जगाचे तास मोजायची सोडून कुकरच्या शिट्ट्या मोजते.

पण खुर्ची रिकामी व्हायच्या आधीची एक गोष्ट. सुभद्राबाई आसामातून चार महिन्यांनी परतल्या. येताना वारा समोरून होता, त्यामुळे विमानाला जास्त वेळ लागला, हे त्यांनी मला बजावून सांगितलं. पुढच्याच आठवड्यात त्या वाघोलीच्या एका बाईंना घेऊन माझ्या टेबलासमोर उभ्या. सोबत मेथी. त्या बाईंचा सैन्यातला मुलगा नुकताच बदली होऊन तिकडेच कुठंतरी गेला होता. बाई घाबरलेल्या, पदर तोंडाशी धरलेला. खुर्चीत बसल्या आणि सगळ्यांसारखंच विचारलं, "ताई, लई लांब हाय का वो? किती तास लागत्यात?"

मी "कुणाला?" म्हणायला तोंड उघडलं. त्याआधीच सुभद्राबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय लांब न्हाय," त्या म्हणाल्या. "मधी उतरायचं न्हाय, बस."